एएफएमवर चांदीचे नॅनोकण बघायचेत? मग आधी पाण्याचं बघा

आपल्याकडं बऱ्याच कॉलेजात पोरगा किंवा पोरगी नॅनोमध्ये शिरली की पहिलं काम ठरलेलं असतंय. कडुलिंबाची नाहीतर तुळशीची पानं उकळायची, बीडकडचे असतील तर सीताफळाची, गाळून अर्क काढायचा, त्यात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट टाकायचं आणि रंग पिवळट तपकिरी झाला की खूश व्हायचं. युव्ही-व्हिजिबलला (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला ते दाखवणारं मशीन) ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसला की अजून खूश. मग गाइड म्हणतात आता एएफएम करून आण, आणि पोरं तीच तपकिरी बाटली पिशवीत टाकून परभणीहून नाहीतर लातूरहून सकाळची एसटी धरून येतात आणि दुपारी स्लॉट संपला की बटाट्याच्या ढिगासारखं एक चित्र घेऊन परत जातात. मशीन चांगलं असतं, चालवणारा पण बरा असतो. गडबड बाटलीत असते.

म्हणून हे लिहायला घेतलंय. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना येतंय त्यांनी खाली स्कॅनिंगच्या भागाला उडी मारली तरी चालतंय.

आधी मशीन काय करतंय ते

एएफएम म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी काढलेला. यात लेन्स नाही, फोटो नाही. एका बारीक पट्टीच्या टोकाला सिलिकॉनची टोकदार टीप असते, पट्टीच्या पाठीवर लेसर पडतो, पट्टी वाकली की लेसरचा ठिपका डिटेक्टरवर सरकतो आणि मशीनला कळतं की खाली उंच आहे का खोल. टीप ओळीओळीने फिरते आणि उंचीचा नकाशा तयार होतो. डोळ्याने बघणं नाही हे, चाचपणं आहे. घोंगडीवर पडलेला ज्वारीचा दाणा डोळे मिटून अंगठ्याने चाचपा, दाणा किती उंच ते बरोबर कळतंय पण रुंदी अंगठ्याचीच लागते. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढं सगळं यावरच आहे.

आकड्यात सांगायचं तर नव्या टीपच्या टोकाची त्रिज्या साधारण ८ ते १० नॅनोमीटर असते. गोल कण आणि गोल टीप धरली तर कणाची त्रिज्या गुणिले टीपची त्रिज्या, त्याचं वर्गमूळ आणि त्याची चौपट, एवढा रुंद कण चित्रात दिसतो. २० नॅनोमीटर व्यासाचा कण आणि १० त्रिज्येची टीप, म्हणजे चित्रात ४० नॅनोमीटर रुंद. टीप झिजून ३० ची झाली तर तोच कण ६९ चा दिसायला लागतो! उंची मात्र दोन्ही वेळेस २० च. म्हणून गोल कणाचा व्यास सांगायचा तर उंची सांगायची. आडव्या रेघेवरनं रुंदी मोजून "सरासरी आकार ७० नॅनोमीटर" असं लिहिलेले प्रबंध आहेत आपल्याकडं, त्यातल्या कितींनी कण मोजला आणि कितींनी टीप, देव जाणे.

पाणी

बोअरचं पाणी लॅबमध्ये आणूच नका. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, कुठं कुठं तर चवीलाच खारट, म्हणजे क्लोराइड आलं, आणि सिल्व्हर नायट्रेट क्लोराइडला भेटलं की सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरं गढूळ व्हायला लागतं. पोरं म्हणतात पण आम्ही रिअ‍ॅक्शन तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच केली, अहो पण फ्लास्क कशाने विसळला? नळाच्या पाण्याने विसळून उलटा वाळत घातला की काचेवर पांढरे डाग राहतात ते क्षारच. शेवटची विसळणी दोन-तीनदा मिली-क्यू (मशीनमधून काढलेलं अतिशुद्ध पाणी) किंवा डबल डिस्टिल्डचीच पाहिजे. शंका असेल तर सोपी टेस्ट आहे, धुतलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये तुमचं पाणी घ्या, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, काळ्या कागदासमोर धरा. जराशी पण दुधाळ झाक आली तर ते पाणी वापरायचं नाही. आणि ग्लोव्ह घाला, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी झाली की आठ-पंधरा दिवस जात नाहीत, लग्नसराईत तर अजिबात नको.

ऑफिसमधला वीस लिटरचा जार सुद्धा चालत नाही. तो पिण्यासाठी असतो, त्यात क्षार असतातच.

अर्क धुवून काढणं, जिथं निम्मी पोरं अडकतात

पानाच्या अर्कात साखरा, प्रथिनं, पॉलिफेनॉल असं बरंच काही असतं. त्यातलंच काहीतरी चांदी तयार करतं आणि कणाला चिकटून त्याला वेगळं ठेवतं, ते ठीक. पण उरलेला चिकट ऐवज कुठं जातो? थेंब वाळवला की तो पण अभ्रकावरच (कण ठेवायची सपाट चकती, पुढं सांगतोय) बसतो, गोल गोल थेंब होऊन, ५ ते ५० नॅनोमीटर उंचीचे, आणि एएफएमला चांदी आणि वाळलेला पाला यात उंचीवरनं फरक कळत नाही. टीपला काय, उंच ते उंच.

तर धुवायचं असं. सोल्यूशन सेंट्रिफ्यूजला लावा, १०-१२ हजार आरपीएमला १५-२० मिनिटं, वरचं पाणी काढून टाका, खाली बसलेला गोळा मिली-क्यूमध्ये परत मिसळा, दोन-चार मिनिटं सोनिकेटर बाथमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणारं भांडं) धरा. असं तीनदा. तीनच्या पुढं जाऊ नका, फार धुतलं की कणावरचं आवरण पण निघून जातं आणि कण एकमेकाला चिकटून गुठळ्या होतात. प्रत्येक धुण्यानंतर युव्ही घ्या. उंचवटा जागेवर आणि तेवढाच सडसडीत आहे तर बरं, पसरट होऊन ६००-७०० नॅनोमीटरकडं शेपूट वर उचललं तर गुठळ्या व्हायला लागल्यात, तिथंच थांबा.

आणि आता जे सांगतोय ते कोणी करत नाही म्हणून दोनदा वाचा. नुसत्या अर्काचा ब्लँक करा. चांदी न टाकता तोच अर्क, त्याच पातळीला पातळ करून, त्याच पद्धतीने अभ्रकावर. शिवाय एक अभ्रक नुसतं, काही न टाकता. या दोन्हीचे स्कॅन आधी घ्या. ब्लँकमध्ये पण तसलेच ठिपके दिसले तर तुमच्या सॅम्पलमधले ठिपके चांदीचे आहेत असं कोणत्या तोंडाने सांगणार? व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि खरं सांगायचं तर विचारायलाच पाहिजे.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शिकताना चांदी आणि पाला घेऊच नका, सोनं घ्या. टर्केविचची जुनी पद्धत, १९५१ ची, क्लोरोऑरिक अ‍ॅसिड उकळायचं, त्यात ट्रायसोडियम सायट्रेट टाकायचं, रंग आधी काळपट निळा आणि मग वाइनसारखा लाल होतो, ५२० नॅनोमीटरला उंचवटा. साधारण १५-२० नॅनोमीटरचे बऱ्यापैकी एकसारखे गोल कण मिळतात आणि पाल्याची भानगड नाही. क्लोरोऑरिक अ‍ॅसिड महाग आहे हे खरं, पण एक ग्रॅमची बाटली डिपार्टमेंटला लई दिवस पुरते. सोन्यावर हात बसला की मग चांदी.

अभ्रक

कण ठेवायला सपाट जागा पाहिजे. काचेची स्लाइड नको, तिचाच खडबडीतपणा नॅनोमीटरमध्ये असतो, बारीक कण त्यात हरवतात. अभ्रक घ्यायचं, मस्कोव्हाइट जातीचं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि सुटलेला पृष्ठभाग अणूच्या पातळीवर सपाट असतो.

पापुद्रा काढायला साधा सेलोटेप. अभ्रकाची चकती स्टीलच्या गोल पत्र्यावर आधी चिकटवून ठेवा, दुहेरी टेप अर्धवट लावला तर स्कॅन चालू असताना सॅम्पल हळूहळू सरकतंय, म्हणून नीट दाबा, शक्य असेल तर इपॉक्सीच वापरा. मग सेलोटेप वरून लावा, नखाने नको, चिमट्याच्या पाठीने सगळीकडं दाबा आणि एका झटक्यात ओढा. टेप उजेडाकडं धरून बघा, पूर्ण गोल चकती टेपवर आली पाहिजे. अर्धाच चंद्र आला तर परत. पापुद्रा काढल्यापासून थेंब टाकेपर्यंत मध्ये चहा नाही, फोन नाही, उघडं पडलेलं अभ्रक हवेतली घाण लगेच ओढतं, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धुळीची काय कमी आहे का!

आता एक गंमत. ताज्या अभ्रकावर पाण्यात ऋण भार असतो. सायट्रेटच्या सोन्यावर पण ऋण भार, पाल्याच्या चांदीवर पण बहुतेक वेळा ऋणच. दोघं एकमेकाला ढकलतात. अशा वेळी थेंब टाकून तसाच वाळवला तर सगळे कण थेंबाच्या कडेला जाऊन एक कडं तयार होतं आणि मधे मोकळं रान. टीप मधे उतरवली तर काहीच नाही, कडेला उतरवली तर ढीग.

यावर उपाय पॉली-एल-लायसिन. ०.०१ टक्क्याचं सोल्यूशन, २०-३० मायक्रोलिटर ताज्या अभ्रकावर, पाच मिनिटं ठेवा, मिली-क्यूने हळू विसळा, नायट्रोजनने सुकवा. त्यानं पृष्ठभागावर धन भार येतो. मग तुमचं पातळ केलेलं सॅम्पल तेवढंच, दहा मिनिटं, आणि वाळू द्यायचं नाही बरं का, ओलं असतानाच परत विसळायचं आणि मग सुकवायचं. जे कण भाराने चिकटलेत तेवढेच राहतात, क्षार आणि पाला बराच वाहून जातो. या एका विसळण्याने चित्र जेवढं सुधारतं तेवढं मशीनमधल्या कुठल्याच बटनाने सुधारत नाही. सीटॅब (साबणासारखा, धन भाराचा पदार्थ) वापरून केलेले सोन्याचे दांडके असतील तर त्यांच्यावर आधीच धन भार असतो, ते उघड्या अभ्रकावर तसेच चिकटतात, लायसिनची गरज नाही.

नायट्रोजन नसेल तर? हेअर ड्रायर नको. टिपकागदाच्या कडेने पाणी ओढून घ्या आणि झाकण असलेल्या पेट्री डिशमध्ये सुकू द्या.

किती पातळ करायचं याला ठरलेला आकडा नाही. १० पट, १०० पट, १००० पट अशा तीन चकत्या करून न्या. बाटलीत रंग छान दिसतोय म्हणजे एएफएमसाठी ते जवळपास नेहमीच फार घट्ट असतं. १ मायक्रोमीटरच्या चौकोनात वीस-पंचवीस कण सुटे सुटे दिसले की बास झालं.

टीप, ट्यूनिंग, उतरणं

कणांसाठी टॅपिंग मोड, यात टीप वरखाली हलत हलकेच टेकत जाते. काँटॅक्ट मोडमध्ये टीप घासत जाते आणि कण झाडून बाजूला सारते, स्कॅन संपल्यावर झूम आउट केलं तर चौकोन साफ आणि कडेला कणांचे बांध. टॅपिंगसाठी सिलिकॉनची ताठ पट्टी घ्या, साधारण ३०० किलोहर्ट्झ आणि ४० न्यूटन प्रति मीटरची, जवळपास सगळीकडं तीच असते.

लेसर पट्टीच्या टोकावर आणा, डिटेक्टर मधे आणा, ऑटो ट्यून करा, म्हणजे पट्टी कोणत्या वारंवारतेला सगळ्यात जास्त हलते ते मशीन शोधतं. ट्यूनचं शिखर एकच आणि सरळ पाहिजे, दोन डोक्यांचं दिसलं तर टीप होल्डरमध्ये नीट बसली नाही, काढून परत बसवा.

सेटपॉइंटवर गोंधळ होतो म्हणून जरा सांगतो. टीप मोकळी हलते तेव्हाचा झोका म्हणजे शंभर टक्के. खाली टेकायला लागली की झोका कमी होतो. सेटपॉइंट ८० टक्के म्हणजे हलकेच टेकवणं, ५० टक्के म्हणजे ठोकणं. आकडा लहान तर मार जास्त. सुरुवात ८० ने करा, टीप पृष्ठभाग सोडत असेल तरच थोडं थोडं खाली या.

उतरताना आपल्याकडं एक वेगळाच ताप आहे. मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की ताज्या अभ्रकावर स्थिर वीज बसते आणि टीप वरच कुठंतरी "टेकले" म्हणून थांबते, स्क्रीनवर नुसती धूसर पाटी. आयोनायझर (स्थिर वीज घालवणारं यंत्र) असेल तर फिरवा, नसेल तर सॅम्पल दहा-पंधरा मिनिटं जमिनीशी जोडलेल्या स्टेजवर ठेवून द्या. पावसाळ्यात उलटं, पृष्ठभागावर पाण्याचा थर येतो आणि टीप चिकटायला लागते.

स्कॅन

मशीन आणि लेसर अर्धा-एक तास आधी चालू करून ठेवायला सांगा, नसता पहिली दोन चित्रं तिरकी ओढल्यासारखी येतात. एसीचा झोत स्टेजवर नको. पंखा बंद. हो, मे महिन्यात पण बंद. छताचा पंखा, दार आपटणं, मागच्या रोडवरनं जाणारा उसाचा ट्रॅक्टर, हे सगळं चित्रात आडव्या लाटा होऊन उतरतं. स्लॉट निवडता येत असेल तर सकाळी लवकरचा घ्या. यूपीएसवर मशीन आहे का ते पण विचारून घ्या, स्कॅन चालू असताना लाइट गेली तर चित्र तर जातंच, टीप पण खाली आपटू शकते.

आधी ५ मायक्रोमीटरचा चौकोन, कुठं काय आहे ते बघायला. त्यावर मोजमाप करायचं नाही, कारण ५१२ ठिपक्यांच्या ओळीत ५ मायक्रोमीटर म्हणजे एक ठिपका जवळपास १० नॅनोमीटरचा, तुमचा १० चा कण एका ठिपक्यात संपला. मग १ मायक्रोमीटरवर या, तिथं ठिपका २ नॅनोमीटरचा होतो. वेग १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक ओळ, ५१२ ओळींना साडेआठ मिनिटं. घाई करू नका.

गेन (उंची बदलली की मशीन किती जोरात सावरतं तो आकडा) हळूहळू वाढवा, ओळीत बारीक थरथर दिसायला लागली की थोडं मागं या. जाताना आणि येतानाची रेघ एकमेकीवर बसली पाहिजे. कणाच्या एकाच बाजूला शेपूट दिसतंय तर टीप मागं पडतीय, वेग कमी करा. कण अर्धवट कापल्यासारखा, खालची अर्धी चकती गायब, तर टीपने तो उचलला किंवा ढकलला, सेटपॉइंट हलका (म्हणजे टक्का मोठा) करा नाहीतर विसळणं कमी पडलंय.

उंचीसोबत फेजचं (टीपचा झोका किती मागं-पुढं पडतो त्याचं) चित्र नक्की सेव्ह करा, फुकटच मिळतं. पाल्याच्या सॅम्पलमध्ये ते कामाचं आहे, कडक धातू आणि मऊ सेंद्रिय थर यांचा फेज बहुतेक वेळा वेगळा दिसतो. पक्का पुरावा नाही तो, पण ब्लँकसोबत ठेवला तर बरंच कळतं.

चित्र खोटं बोलतंय का

सगळे कण एकसारखे त्रिकोणी आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला? ते कण नाहीत, ती तुमच्या तुटक्या टीपची शंभर चित्रं आहेत. प्रत्येक कणाशेजारी तेवढ्याच अंतरावर एक लहान जुळा भाऊ? टीपला दोन टोकं झालीत. खात्री करायची तर सॅम्पल ९० अंशात फिरवून परत स्कॅन करा, आकार सॅम्पलसोबत फिरला तर खरा, तसाच राहिला तर टीपचा. टीप बदला. महाग आहे म्हणून ऑपरेटर कुरकुरतो, तरी बदलायला लावा.

उंचीवर विसंबून राहायचं तर उंचीचं कॅलिब्रेशन बघितलं पाहिजे. लॅबमध्ये ठरावीक उंचीच्या पायऱ्यांची जाळी असते, तिचा एक स्कॅन तुमच्याच दिवशी घ्यायला सांगा. अभ्रकाची एक पायरी पण साधारण १ नॅनोमीटरची असते, कधी नशिबाने तुमच्याच चित्रात येते.

आकडा काढणं

ग्विडियन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. आधी तिरकेपणा काढायचा. मग कणांवर मास्क टाकायचा आणि मास्क वगळून ओळी सरळ करायच्या. हा मास्क टाकला नाही तर सॉफ्टवेअर कणाची उंची पण सरासरीत धरतं, कणाच्या दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात आणि उंची कमी-जास्त होते. मग प्रत्येक कणाची सगळ्यात वरची उंची उणे आजूबाजूची जमीन. दोन-तीन वेगळ्या जागांचे स्कॅन मिळून शंभरेक तरी कण मोजा आणि हिस्टोग्राम काढा. दोन कण चिकटलेले असतील ते सोडा, ढिगाची उंची म्हणजे कणाचा व्यास नव्हे.

आकडा बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. एक्सआरडीवरनं (क्ष-किरणांची चाचणी) शेररचं सूत्र स्फटिकाचा आकार देतं, एका कणात दोन-चार स्फटिक असू शकतात, म्हणून तो लहान येतो. डीएलएस (पाण्यातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरनं आकार काढणारी पद्धत) कणासोबत त्याचं आवरण आणि पाण्याचा थर पण मोजतं, वर मोठ्या कणांचा प्रकाश जास्त पडतो, म्हणून तो मोठा. टीईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) धातूच नीट दिसतो. एएफएमची उंची चांगल्या धुतलेल्या सॅम्पलमध्ये टीईएमच्या जवळ यायला पाहिजे. ती टीईएमच्या दुप्पट येत असेल तर पाला राहिलाय किंवा गुठळ्या मोजताय.

थ्रीडी चित्राचा मोह आवरा. त्यात उभी पट्टी कितीतरी पट ताणलेली असते, गोल कण सुळक्यासारखे दिसतात, आणि मग कोणीतरी "कोनाकार कण मिळाले" असं लिहून मोकळं होतं.

गावाहून येताना

अभ्रकावर घरूनच बसवून आणण्यापेक्षा बाटली आणा आणि मशीनच्या लॅबमध्येच ताजं बसवा. बाटली तपकिरी काचेची, नसेल तर फॉइल गुंडाळा. फ्रीजमध्ये ठेवली तर चालतं पण बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि परत सुटत नाहीत. एप्रिलमध्ये एसटीत खिडकीशी ठेवण्यापेक्षा थर्माकोलच्या डब्यात. पोचल्यावर परत युव्ही घ्या, कालच्याशी ताडून बघा, बिघडलं असेल तर स्लॉटचे पैसे वाया घालवू नका.

स्लॉटसाठी जवळच्या विद्यापीठात विचाराच, शिवाय सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली मशीन दिसतात आणि तिथूनच बुकिंग होतं. सॅम्पल पोस्टाने पाठवणार असाल तर ब्लँक पण पाठवा आणि वर चिठ्ठीत स्कॅनचा आकार, टॅपिंग, ५१२ ओळी, फेज पाहिजे असं स्पष्ट लिहा, नसता ५ मायक्रोमीटरचं एक रंगीत जेपीजी येतंय आणि विषय संपतो. जेपीजीवरनं उंची मोजता येत नाही. मशीनची मूळ फाइल मागा, पेन ड्राइव्ह देत नसतील तर मेलवर मागा, आणि कोणती टीप लावली होती ते त्याच मेलमध्ये विचारून घ्या, सहा महिन्यांनी चित्राखाली लिहायला लागतं तेव्हा ऑपरेटरला पण आठवत नसतं.